कोरी पावलं

स्प्रे गन घ्यायला आलेल्या माणसाने आधी घरचा कॉम्प्रेसर केवढा आहे ते सांगावं, किंमत मग विचारावी, असा बीशियाचा नियम होता. तुंगकांग बंदराच्या मागच्या रस्त्यावर तिचं हत्यारांचं दुकान. बाहेर दोरखंड आणि बोटींचे बोल्ट, आत रंगाचे डबे, आणि गल्ल्यामागे पंख्याखाली ती. आफा शाळेत तिच्या वर्गात होता, म्हणून त्याला नियमासोबत दोन टोमणेही मिळत.

“टाकी केवढी आहे?”

“चोवीस लिटर.”

“म्हणजे दमेकरी.” तिने काचेवर तीन गन मांडल्या. “ही पहिली भसाभस हवा खाते. तुझा कॉम्प्रेसर अर्ध्या कामातच धापा टाकेल. ही दुसरी थोड्या हवेत भागवते. फवारा मऊ, रंग जिथल्या तिथे बसतो, धुरळा जवळजवळ नाहीच. महाग आहे, पण घरात रंगवायचं तर हीच घ्यावी. आणि ही तिसरी, तुमच्या गोदीतली, जुन्या पद्धतीची. निम्मा रंग कामावर, निम्मा शेजारणीच्या वाळवणावर. हिला हात लावलास तर मी तुला ओळखत नाही.”

आफाने तिसरी उचलली. जहाजदुरुस्तीच्या गोदीत एकतीस वर्षं त्याच्या हातात अशीच गन होती. तिचं वजन, चापाचा ताण, सगळं मनगटाला पाठ होतं.

“बासष्टाव्या वर्षी नवा संसार मांडायला लावू नकोस,” तो म्हणाला.

बीशिया हसली. “रंगवणार काय आहेस पण?”

“दादाची गाडी.”

तिचं हसू ओसरलं. ती उठून मागे गेली आणि जाड पांढऱ्या प्लास्टिकची एक गुंडाळी घेऊन आली. “हे भोवतीने लाव. राहू दे पैसे,” ती म्हणाली आणि पंख्याकडे बघत बसली.

दादाची गाडी म्हणजे एकशे पंचवीसची लाल मोटारसायकल. चौतीस वर्षं ती आफाच्या घरापुढच्या पत्र्याच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. दादा मानफेंग नावाच्या टूनाच्या बोटीवर होता. अकरा माणसांना घेऊन बोट गेली आणि आलीच नाही. फळकुट सापडलं नाही की बोटीच्या कडेला बांधलेलं साधं टायर सापडलं नाही. बाकीच्या घरांनी यथावकाश रडून घेतलं, काही घरं गाव सोडून गेली. आफाच्या आईने मात्र काही केलं नाही. “तो आला की त्याला गाडी लागेल,” एवढंच ती म्हणाली, आणि गेलेल्यांची नावं आत लिहून बंद ठेवतात त्या देवघरातल्या पूर्वजांच्या लाकडी पाटीवर त्याचं नाव कुणाला लिहू दिलं नाही. मागच्या हिवाळ्यात ती एक्याण्णवाव्या वर्षी गेली. आता पितरांचा सातवा महिना लागायच्या आत पुजारी येऊन पाटी उघडणार होता आणि आईचं नाव आत लिहिणार होता.

“त्याच दिवशी भाऊजींचंही लिहून टाका,” आफाची बायको सूच्यू म्हणाली होती. “सातव्या महिन्यात सगळ्यांची गेलेली माणसं घरी येऊन जेवतात. ज्यांचं पाटीवर नाव नाही, त्यांना दाराबाहेरचं पान. आपल्या माणसाने रस्त्यावर जेवायचं का?”

आफाला ते पटत होतं आणि हात धजत नव्हता. नाव लिहायचं म्हणजे दादाला आपल्या हाताने मारायचं. आधी गाडी नीट करू, मग बघू, असं त्याने स्वतःला सांगितलं. टाळाटाळ होती ती, पण फार सुखाची टाळाटाळ होती.

गाडी सुटी झाली. टाकी, दोन मडगार्ड, दोन बाजूची झाकणं. गंज घासून, ओला पॉलिश पेपर मारून त्याने सगळं उघडं केलं. समुद्राकाठची हवा ओली असते आणि ओल्या हवेत रंग पांढुरका पडतो, म्हणून रंगकाम दुपारीच करायचं. जेवणं झाली की गल्ली झोपायची. मग आफा पडवीत तारेला टाकी टांगायचा. टाकीच्या पलीकडे घराचं सरकतं दार होतं. त्याने दारावरून जमिनीपर्यंत आणि जमिनीवरही प्लास्टिक पसरलं होतं, आणि तो रस्त्याकडे पाठ करून, दाराच्या दिशेने फवारे मारायचा.

पहिल्या दिवशी करडा प्रायमर झाला. धुरळा बसल्यावर प्लास्टिक गुंडाळताना त्याला टाकी आणि दार यांच्यामध्ये जमिनीवर दोन कोऱ्या जागा दिसल्या. भोवती करडं, मध्ये लख्ख पांढरं. इथे काय ठेवलं होतं, थिनरचे डबे? डबे तर भिंतीशी होते. त्याने फार विचार केला नाही. प्लास्टिकची घडी घातली आणि अंघोळीला गेला.

दुसऱ्या दिवशी मडगार्ड. पुन्हा त्याच जागी, दोन. या वेळी तो उकिडवा बसला. टाचा त्याच्याकडे होत्या, बोटं दाराकडे. अनवाणी पावलं होती. त्याने पायातल्या रबरी चपला बघितल्या, मग आपण उभे होतो ती जागा बघितली. ती टाकीच्या या बाजूला होती, आणि तिथे चपलांचे ठसे वेगळे उमटलेच होते.

डाव्या पावलाला करंगळी नव्हती.

आफा तिथेच खाली बसला. तो सात वर्षांचा आणि दादा दहा वर्षांचा असताना आफाने हट्टाने वडिलांची सायकल चालवायला घेतली होती. दादा मागे बसला होता, त्याचा पाय चाकाच्या तारांत गेला आणि करंगळी तुटली. घरी येऊन दादाने सांगितलं की धक्क्यावर कुणाचा तरी विळा पडला होता, त्यावर आपणच पाय दिला. मार त्यानेच खाल्ला. आई मरेपर्यंत तिला खरं कळलं नाही. त्या करंगळीची खरी गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती.

त्याला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. चौतीस वर्षं छातीत एक दार उघडं राहिलं होतं आणि त्यातून वारा यायचा, तो त्या दुपारी थांबला.

लाल रंग चढायला लागला तसं बाकीचंही दिसू लागलं. दारावरच्या प्लास्टिकवर आधी पोटऱ्या, मग पाठ. तिसऱ्या हातानंतर खांदे. लाल धुरळ्यात पांढरी, पाठमोरी, दाराकडे तोंड करून उभी असलेली माणसाची आकृती. डावा खांदा थोडा खाली होता. दादा नेहमी तसाच उभा राहायचा. रोज नवं प्लास्टिक, रोज तोच माणूस, तेवढ्याच अंतरावर. दारापासून वीतभर अलीकडे. पुढे कधी सरकला नाही.

आफा रोज दुपारची वाट बघू लागला. जेवताना घाई करू लागला. फवारा मारता मारता बोलू लागला. गोदीतल्या गोष्टी, आईचं आजारपण, टूनाचा आजकालचा भाव.

“कोणाशी बोलता हो?” सूच्यूने आतून विचारलं.

“रेडिओशी.”

“रेडिओ माझ्यापाशी आहे.”

ती बाहेर आली तेव्हा लपवायला वेळ नव्हता. ती प्लास्टिकपुढे हात पुसत उभी राहिली. नवऱ्याकडे बघितलं, पावलांकडे बघितलं. मासळीबाजारात तीस वर्षं बसलेली बाई ती, पटकन आवाज चढवणारी. पण तेव्हा हळूच बोलली.

“आत का येत नाहीत ते?”

“पाटीवर नाव नाही. दारावरचे देव कसे सोडतील?”

“मग लिहा की.”

“लिहिलं की तो गेला.”

“अहो,” सूच्यू म्हणाली, “मग हे पाय कोणाचे आहेत?”

पुजारी यायला नऊ दिवस होते.

मध्येच शेजारच्या खो म्हातारीने बोंब मारली. तिच्या सुकायला घातलेल्या बोंबलांना लाली चढली होती आणि तिची पांढरी मांजर एका अंगाने गुलाबी झाली होती. सूच्यूने म्हातारीला एक अख्खा मासा दिला, मांजरीला दुसरा दिला, आणि तडक बीशियाकडे जाऊन ती दुसरी गन घेऊन आली.

“मांजरीचं सोडा, तुम्ही रात्री खोकता ते मी ऐकते. उद्यापासून हिने मारायचं.”

नवी गन बीशियाच्या शब्दाला जागली. फवारा मऊ, आवाज सुसकाऱ्याएवढा. रंग टाकीवर असा बसला की आफा खूश झाला. गोदीतल्या कोणाही कारागिराने टोपी काढली असती. मग त्याने खाली बघितलं. प्लास्टिक जवळजवळ पांढरंच होतं. धुरळाच नाही, तर कोरी जागा कुठे दिसणार? दादा तिथे असेलही, किंवा नसेलही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आफाने बोलून बघितलं, पण मोकळ्या पडवीत बोलल्यासारखं वाटलं. इतकं सुंदर काम त्याच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं, आणि त्याला जेवण जात नव्हतं.

चौथ्या दिवशी तो देवघरात गेला. आईच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली आणि कौलाचे दोन चंद्रकोरी लाकडी तुकडे हातात घेतले. एक उताणा, एक पालथा पडला की होकार. दोन्ही पालथे पडले की नकार. दोन्ही उताणे पडले तर समोरचं माणूस हसतंय, प्रश्न नीट विचार, असा अर्थ.

“आई, नवी गन वापरू की जुनी?”

दोन्ही उताणे.

“नवीच वापरू ना? खोकला होतो.”

पुन्हा आई हसली.

आफाने मान खाली घातली. खरा प्रश्न कोणता आहे ते त्याला माहीत होतं, आणि आईलाही माहीत होतं. जिने चौतीस वर्षं नाव लिहू दिलं नाही, तिलाच तो विचारायचा होता.

“आई, दादाला घरात घेऊ?”

तुकडे फरशीवर गरगरले. एक उताणा, एक पालथा. खात्रीसाठी त्याने आणखी दोनदा टाकले. तिन्ही वेळा होकार. तो रडला, अगदी मोठ्याने. सूच्यू येऊन शेजारी बसली आणि तिने त्याला रडू दिलं.

पाटी उघडायच्या दिवशी सकाळी लिम पुजारी त्यांना आधी धक्क्यावर घेऊन गेला. समुद्रात गेलेल्याला समुद्राकडूनच बोलवावं लागतं. आफाच्या हातात हिरव्या बांबूला बांधलेली कागदी पताका होती आणि खांद्यावर दादाचा जुना सदरा.

“पूर्ण नाव घ्या,” लिम म्हणाला. “जन्माचं साल सांगा, घराचा पत्ता सांगा. तीनदा. मोठ्याने.”

आफाने छाती भरून घेतली. समोर बोटी लागत होत्या, इंजिनं धडधडत होती. लहानपणी आई त्याला याच जागी पिटाळायची, दादाला जेवायला बोलाव म्हणून. त्या आवाजात माणसाचं नाव कोणाला ऐकू येत नाही. धक्क्यावर हाक मारायची ती बोटीला, ही तिथली रीत. आपल्या बोटीचं नाव ऐकलं की जो तो मान वळवतो.

“मानफेंग!” आफा ओरडला. “मानफेंग हो! चला, घरी चला! जेवायला चला!”

लिमने त्याचा दंड धरला. “बोटीचं नाही! माणसाचं नाव घ्या.”

“चुकलो,” आफा म्हणाला. त्याला थोडं हसूही आलं. मग त्याने सांगितल्याप्रमाणे केलं. दादाचं पूर्ण नाव, चुआंग चिनश्वी, मग साल, पत्ता. तीनदा. तिसऱ्या हाकेला पताका वाऱ्याविरुद्ध वळली आणि लिमने मान डोलावली.

घरी पाटी उघडली. आईच्या नावाखाली बारीक अक्षरांत दादाचं नाव गेलं. सूच्यूने त्याच्या आवडीची माशाच्या गोळ्यांची आमटी केली होती, वर आल्याचे तुकडे. पान आत मांडलं, टेबलावर. कौल लावला. आलात? होकार. पोटभर जेवलात? दोन्ही तुकडे उताणे पडले.

“लबाड,” सूच्यू डोळे पुसत म्हणाली. “आणखी हवंय त्यांना.”

घर एकदम भरल्यासारखं झालं. आफाला रात्री शांत झोप लागली आणि खोकलाही आला नाही. पुढचे दिवस त्याने नव्या गनने टाकीवर पारदर्शक वॉर्निशचे हात दिले, मडगार्ड चढवले. गाडी गल्लीत आणली तर तिच्यात समोरच्या घराच्या खिडक्या दिसत होत्या. बीशिया येऊन बोट फिरवून गेली आणि पहिल्यांदाच काही टोमणा न मारता परत गेली.

सातवा महिना लागला. गल्लीभर दारांबाहेर टेबलं आली, त्यांवर भात, फळं, आणि तोंड धुवायला पाण्याची घंगाळं. परक्या, बेवारस पाहुण्यांची सोय. आफाचं एकच काम राहिलं होतं, उजव्या बाजूचं झाकण.

त्या दुपारी त्याने हात नव्या गनकडे नेला आणि थांबला. दादा आत आहे, ते कौलाने सांगितलं होतं. पण डोळ्यांनी एकदा बघावंसं वाटलं. बाहेर आता कोणी नाही, पडवी मोकळी आहे, धुरळा सगळीकडे सारखा बसलाय, एवढंच बघून मग ती जुनी गन बीशियाला परत देऊन टाकायची.

त्याने जाड प्लास्टिक लावलं. झाकण टांगलं. जुनी गन भरली, चाप दाबला. ओळखीचा फुत्कार आला आणि लाल ढग पडवीभर उठला.

दोन हात मारून तो थांबला. ढग हळूहळू खाली बसला.

दारावरचं प्लास्टिक सगळं लाल नव्हतं.

मध्ये पांढरं होतं. तो खांदा नव्हता, ते खांदे होते. एकाला एक लागून, उंच, बुटके, एक फार रुंद. दारावर मावले नव्हते, भिंतीवरच्या प्लास्टिकवरही होते.

त्याने खाली बघितलं. पावलं, अनवाणी. टाचा त्याच्याकडे, बोटं घराकडे. दोन ओळी होत्या. मागची ओळ झाकणाच्या खालीच होती, त्याच्या चपलांपासून हातभर अंतरावर.

त्याने मोजली. दहा जोड्या.

मानफेंगवर अकरा माणसं होती. एक आत गेला होता.

“सूच्यू,” त्याने हाक मारली. आवाज बरा निघाला.

ती दार थोडं सरकवून आली, प्लास्टिकच्या कडेतून डोकावली. तिचेही ओठ हलत होते, मोजत होती.

“तुम्ही त्या दिवशी बोटीला हाक मारलीत,” ती म्हणाली.

“हो.”

“जेवायला चला म्हणालात.”

“म्हणालो खरं.”

“मग आलेत.” तिने सुस्कारा सोडला. त्यात राग नव्हता. “किती वर्षांचे उपाशी असतील. बाहेर मोठं टेबल लावा. मी भात टाकते.” ती आत वळली. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला, आणि डब्यातून तांदूळ मापल्याचा.

आफाने टेबल काढलं. दहा वाडगे मांडले, जेवायच्या काड्यांच्या दहा जोड्या. मन आश्चर्य वाटावं इतकं निवांत होतं. दादाच्या सोबत्यांना एकदा जेवायला घालायचं राहिलंच होतं. त्याने आतून कौलाचे तुकडे आणले आणि उंबऱ्यात उभा राहिला.

“मानफेंगचीच माणसं ना तुम्ही?”

एक उताणा, एक पालथा. होकार.

“सगळे आलात ना? एवढेच ना?”

दोन्ही पालथे.

त्याने तुकडे उचलले, नीट ओंजळीत घेतले, पुन्हा तेच विचारलं.

दोन्ही पालथे.

रस्त्यावर कडक ऊन होतं. गल्ली झोपली होती. खो म्हातारीची गुलाबी मांजर भिंतीवर बसून धक्क्याकडून येणाऱ्या वाटेकडे एकटक बघत होती.

“काय म्हणाले?” सूच्यूने आतून विचारलं.

“नाही म्हणाले.”

मग तांदळाच्या डब्याचं झाकण पुन्हा उघडलं.